उकळलेल्या तीन बाटल्या

दूध उतू जायचं असलं की त्याला आपली पाठ बरोबर दिसते. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. तरीही त्या सोमवारी सकाळी साडेदहाला मी गॅसकडे पाठ करून सिंकमध्ये बाटल्या विसळत उभी राहिले, आणि मागे चर्र झालं. पातेल्यातलं निम्मं दूध शेगडीवर होतं, उरलेलं तळाला लागून पिवळं पडलं होतं. बरं, ते डेअरीचं असतं तर मी दोन शिव्या घालून फडकं घेतलं असतं. ते डेअरीचं नव्हतं. माझ्या सुनेनं जपून साठवलेलं तिचं स्वतःचं दूध होतं.

माझी सून बस चालवते. शहरातली मोठी बस, चौदा नंबरची. त्या खुर्चीत बसण्याआधी तिनं चार वर्षं डेपोत टायरची हवा तपासली आहे. परीक्षेत दोनदा नापास केली गेली. 'झाली' नाही म्हणत मी, 'केली गेली' म्हणते. तिसऱ्यांदा परीक्षक कंटाळले, पण ती कंटाळली नाही. मग आमची ठमी झाली. ठमी म्हणजे माझी नात. हे काही तिचं खरं नाव नाही, पण पाच महिन्यांची असून ती एखाद्या साहेबीणबाईसारखी सगळ्यांना कामाला लावते, म्हणून ठमी.

ठमी तारखेच्या दीड महिना आधी आली. पहिल्या आठवड्यात तिला डब्याचं दूध दिलं तर दोन दिवस ओकत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सहा महिने हिला आईचंच दूध, दुसरं काही नको. सुनेची रजा मात्र पाचव्या महिन्यात संपली. वाढवून मागितली तर साहेब म्हणाले, मग खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल.

आदल्या संध्याकाळी ती घड्या घालता घालता मला म्हणाली, "आई, एक दिवस बघते. उद्या जमलं तर जमलं. ठमीचे हाल झाले तर मी परवा राजीनामा देऊन येते."

"जमेल गं," मी म्हणाले. "मी कशाला आहे?"

आता कळलं ना, मी कशाला होते ते?

तिनं सगळं नीट सांगितलं होतं. फ्रीजच्या दारावर कागदही लावला होता: बाटली काढावी, कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभी करावी, गॅसवर तापवू नये. मी तो कागद चार वेळा वाचला. मी अडाणी नाही. पण पहिली बाटली काढली आणि बघते तर काय, वर पिवळसर साय आणि खाली निळसर पाणी. दूध फाटलं! दुसरी काढली, तीही तशीच. तिसरीही. आता मला सांगा, माझ्या वयाची कुठलीही बाई नासायला लागलेलं दूध बघून काय करेल? चटकन एक उकळी देईल. मीही तिन्ही बाटल्या एका पातेल्यात ओतल्या आणि गॅस मोठा केला. मी तर दूध वाचवत होते.

उरलेलं गाळून, निववून ठमीच्या तोंडाशी नेलं. तिनं एक घोट घेतला, माझ्याकडे असं बघितलं की मी तिची कोणी लागतच नाही, आणि सगळं माझ्या खांद्यावर काढलं. करपलं होतं. मी चाटून बघितलं, तिची काही चूक नव्हती. मग ती रडायला लागली. आधी नाराजीचं रडणं, मग भुकेचं. भुकेचं रडणं वेगळं असतं. ते ऐकताना आपल्याला आपलीच लाज वाटायला लागते.

मुलगा कामावर, उंचावर चढून तारा जोडतो, दिवसा फोन घेत नाही. सुनेचा फोन डेपोतल्या कपाटात. गाडी चालवताना जवळ ठेवायची परवानगीच नाही. पण मी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. जो माणूस सापडत नाही त्याला फोनवर आणणं हे माझं आयुष्यभराचं काम. मी डेपोचा नंबर लावला. पहिल्यानं दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्यानं "थांबा हं" म्हणून फोन टेबलावर ठेवला. मी ठेवला नाही. तिसऱ्याला सांगितलं की मला ड्रायव्हरशी बोलायचं नाही, फक्त सांगा, तिची गाडी आता कुठे आहे?

"चौदा नंबर? अकरा वीसला तुमच्या कोपऱ्यावरून जाईल. आजी, मागे कोण रडतंय?"

"जिची गाडी आहे तिचीच मुलगी," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

अकरा वाजून गेले होते. ठमीला शालीत गुंडाळलं, पायांत मिळाल्या त्या चपला सरकवल्या. एक माझी होती, एक सुनेची. हे मला स्टॉपवर उभी राहिल्यावर कळलं.

बस आली. पुढचं दार उघडलं. सुनेनं दाराकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काय झालं?"

"हिला काही झालेलं नाही. भूक लागलीय. माझ्या हातून दूध गेलं."

"किती?"

"सगळं."

तिनं ओठ आवळले, आरशात मागचं बघितलं, दार बंद केलं. "बसा आई. शेवटचा स्टॉप पंचवीस मिनिटांवर आहे. मध्ये मला थांबता येणार नाही."

मी तिच्या मागच्याच सीटवर बसले. आईचा आवाज ऐकल्यावर तर ठमीनं आकाशपाताळ एक केलं. बस भरलेली होती, आणि भरलेल्या बसमध्ये रडणारं मूल म्हणजे सल्ल्यांना उधाण. एक म्हणाला पाणी पाजा. एक म्हणाली पोटात वारा धरला असेल, पालथी घाला. मागून कोणीतरी म्हणालं, "एवढ्याशा पोराला घेऊन घरातून निघायचंच कशाला?" मी मागे वळून म्हणाले, "मग तुम्हाला भेटायला कसं मिळालं असतं?" रागानं मला जरा बरं वाटलं, पण ठमीचं पोट काही त्यानं भरलं नाही.

सुनेनं एकदाही मागे बघितलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. प्रत्येक स्टॉपवर हळूच ब्रेक, माणसं उतरेपर्यंत वाट, मग दार. एका म्हातारीला काठी सापडेना, तर तिच्यासाठीही थांबली. वर आरसा होता, त्यात मला ती दिसत होती. आणि मग मला तिचा शर्ट दिसला. खाकी शर्टावर छातीशी दोन गडद गोल उमटले होते. आधी रुपयाएवढे. दोन स्टॉप गेले आणि ते बशीएवढे झाले. लेक मागे रडत होती आणि आईचं अंग तिला उत्तर देत होतं. आणि मधे मी, दोघींचं जुळणारं तोडून बसलेली.

ते गोल माझ्या ओळखीचे होते.

माझ्या आईच्या वेळी असलं काही लपवायचं असतं हे कोणाला माहीत नव्हतं. ती दारात बसून भाजी निवडायची, मांडीवर माझा धाकटा भाऊ चिकटलेला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा चालू. शेजारीण तापानं पडली तेव्हा तिच्या मुलालाही आईनंच महिनाभर पाजलं. तो अजून मला ताई म्हणतो. माझी वेळ आली तोवर जग शहाणं झालं होतं. दवाखान्यात भिंतीवर गुबगुबीत बाळाचं चित्र आणि खाली डबा. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नोकरी करता, शिकलेल्या आहात, कशाला त्या जुन्या भानगडीत पडता? डब्यात सगळं मोजून घातलेलं असतं." दूध आटायच्या गोळ्याही त्यांनीच दिल्या. सहाव्या आठवड्यात मी एक्सचेंजमध्ये परत बसले.

गोळ्यांनी दूध आटलं नाही. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची पाटी, हातात दोऱ्या. कुठल्यातरी घरातला फोन जोडला आणि पलीकडे मूल रडलं की संपलंच, ब्लाउज ओला. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे सुपरवायझर, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जरा नीटनेटकं राहावं माणसानं. हे ऑफिस आहे." मग मी दर दोन तासांनी डोकं दुखतंय म्हणून बाथरूममध्ये जायचे. नळ मोठा सोडायचे, म्हणजे बाहेर काही ऐकू जाणार नाही, आणि बेसिनमध्ये पिळून टाकायचे. घरी सासूबाई माझ्या मुलाला डब्यातलं कालवून पाजत होत्या. डब्याला मी नावं ठेवणार नाही, त्या डब्यानं आणि सासूबाईंनी माझा मुलगा वाढवला. आज तो खांबावर चढतो. पण त्याच वेळी मी त्याच्या वाटचं नळाखाली सोडत होते. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला नाही, कोणालाच नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. लाज वाटायची तेवढी वाटायची.

आणि म्हणूनच मला सुनेनं राजीनामा द्यायला नको होता. मला कोणी निवडायलाही दिलं नव्हतं. हिला तरी नोकरी आणि लेकीला पाजणं, दोन्ही मिळू देत, एवढंच मला पाहिजे होतं. आणि पहिल्याच दिवशी मीच पातेलं ठेवलं गॅसवर.

शेवटचा स्टॉप आला. माणसं उतरली. सुनेनं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, उठली, शर्टाची बटणं काढतच माझ्या शेजारी बसली आणि हात पुढे केले. ठमीनं असा आवाज केला की जणू तिला अख्ख्या जगाची तक्रार करायची होती. मग एकदम शांत. बसमध्ये फक्त घटाघटा गिळण्याचा आवाज. मी आयुष्यात इतका सुंदर आवाज ऐकलेला नाही, आणि मी तीस वर्षं आवाजच ऐकलेत.

परतीची माणसं चढायला लागली होती. मी घाईघाईनं शाल तिच्या खांद्यावर टाकली. ठमीनं लाथ मारून ती खाली पाडली. मी परत टाकली.

"राहू द्या आई. उकडतंय तिला."

"अगं, लोक..."

"लोकांनाही घरी आई आहे."

समोरच्या सीटवर एक आजोबा येऊन बसले, त्यांनी चटकन वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. भला माणूस. पेपर उलटा होता, पण भावना सरळ होती.

"आता सांगा," सून म्हणाली. "काय झालं?"

"फाटलं होतं गं. तिन्ही बाटल्यांत वेगळं पाणी, वेगळी साय. म्हटलं, उकळी दिली तर टिकेल."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, आता आली माझी पाळी. तर तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती, ठमी दचकू नये म्हणून ओठ दाबून.

"आई, ते फाटलेलं नव्हतं. ठेवलं की साय वर येते त्याची. बाटली नुसती हातात गोल फिरवायची."

"एवढी शिकलेली तू, मग कागदावर का नाही लिहिलंस?"

"तापवू नये असं लिहिलं होतं."

"फाटल्यासारखं दिसलं तर काय करावं, ते नव्हतं लिहिलं!"

चोराच्या उलट्या बोंबा. मला माहीत होतं. पण ती हसली आणि मला रडायला आलं. रडता रडता मी तिला ते सगळं सांगून टाकलं. नळाचं. बेसिनचं. मोठ्या बाईंचं. बसमध्ये माणसं चढत होती, आजोबा पेपरामागे कान देऊन बसले होते, असू देत. "तू काम सोडू नकोस," मी म्हणाले. "माझ्या मूर्खपणापायी तर मुळीच नको. मला शिकव. मी शिकेन."

तिनं विचारलं, "किती दिवस टाकत होतात?"

"अडीच महिने. मग आपोआप आटलं."

"आणि कोणीच विचारलं नाही?"

"तू पहिलीच."

तिनं मोकळ्या हातानं माझा हात धरला आणि घट्ट दाबला. रोज स्टिअरिंग फिरवणारा हात तो, बोटं दुखली माझी. मग म्हणाली, "ती बॅग द्या इकडे." बॅगेतून दूध काढायचा हातपंप काढला, दुपारी डेपोत वापरायचा म्हणून आणला होता. ठमी एका बाजूला पीत होती, दुसऱ्या बाजूला तिनं पंप लावला. टप, टप, टप. स्वच्छ बाटलीच्या तळाशी पांढरी रेघ दिसायला लागली आणि चढत गेली. मी त्या रेघेकडे बघतच राहिले.

दारातून वेळेची नोंद ठेवणारे मास्तर आत डोकावले. हातात वही, कानावर पेन्सिल. "मॅडम, चार मिनिटं वर झालीत," एवढं म्हणाले, मग त्यांनी बघितलं आणि मान बाहेर काढली. बाहेरूनच म्हणाले, "कारण लिहावं लागतं हो मला. काय लिहू? इंजिन गरम झालं लिहितो."

मी लगेच म्हणणार होते, हो हो, तेच लिहा. माझ्या जन्माची सवय. डोकं दुखतंय, इंजिन गरम झालंय.

सून म्हणाली, "इंजिन ठीक आहे. बाळाला पाजत होते असं लिहा."

बाहेरून मास्तरांचा आवाज, "असं कधी लिहिलेलं नाही."

"मग आज लिहा," हे आजोबा म्हणाले, पेपरामागून.

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली. खिडकीतून मला दिसत होतं. वही बसच्या पत्र्यावर टेकवून त्यांनी ते लिहिलं, लिहून एकदा वाचलं, आणि हळूच म्हणाले, "आरामात होऊ द्या मॅडम. अजून दोन मिनिटं माझ्याकडून." त्या माणसाचं भलं होवो. मी त्याला ओळखत नाही आणि परत भेटेन असंही नाही, पण भलं होवो.

ठमी झोपली. तोंड उघडं, हनुवटीवर एक थेंब. सुनेनं तिला माझ्या मांडीवर ठेवलं, बटणं लावली, ओल्या शर्टावर जाकीट चढवलं. बाटली निम्म्याहून जास्त भरली होती. झाकण लावून तिनं ती मला दिली.

"ही दोन वाजता पाजा. तोवर बाहेर राहिली तरी चालेल. फ्रीजमध्ये नको, आणि तापवायची तर अजिबात नको."

"पण तू..." मला धड विचारताही येईना. "उद्या?"

"उद्या चार बाटल्या ठेवते," ती म्हणाली. "तीन ठमीच्या. एक तुमच्या उकळीसाठी."

आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

इंजिन सुरू झालं. आजोबांनी पेपर खाली घेतला, झोपलेल्या ठमीकडे बघितलं आणि बघतच बसले. मी आरशात सुनेकडे बघून म्हणाले, "थँक यू गं." आमच्या घरात असलं काही बोलायची पद्धत नाही. तिनंही आरशातूनच बघितलं.

"बाटली बॅगेत ठेवा आई. धरून बसायला एक हात मोकळा ठेवा."

मी ठेवली नाही. एका हातात नात होती आणि दुसऱ्या हातात ती बाटली. नुकतीच भरलेली, अंगाच्या उबेची. कामावरच्या बाईचं दूध, आणि ते कुठे ओतून द्यायचं नव्हतं.